श्वासाचा हिशोब: बर्फातल्या गिनीपिगपासून पीटर मिचेलच्या धरणापर्यंत

ज्यांना ऐकायला वेळ नाही, बसमध्ये इयरफोन विसरलेत किंवा वाचायलाच जास्त आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी गोष्ट तीच आहे.

सुरुवात एका प्रश्नाने करू. आपण ऑक्सिजन आत घेतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो, हे तर पाचवीतलं पोरही सांगेल. पण आत घेतलेल्या ऑक्सिजनचं पुढे होतं काय? बहुतेक जण म्हणतील, "त्याचाच कार्बन डायऑक्साइड होतो." तर नाही. तो ऑक्सिजन शेवटी पाणी होतो. कार्बन डायऑक्साइड बनतो वेगळ्या टप्प्यावर, आणि त्या टप्प्यात श्वासातला ऑक्सिजन थेट भागच घेत नाही.

ही एवढीशी गोष्ट नीट कळायला माणसाला जवळपास दोनशे वर्षं लागली. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. शाळेत "मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं ऊर्जाकेंद्र" हे वाक्य पाठ केलं, दोन मार्क मिळवले आणि सोडून दिलं. या भागासाठी वाचायला बसलो, तेव्हा दिसलं की त्या एका ओळीमागे तबेल्यावर प्रयोग करणारा डॉक्टर आहे, देशातून हाकललेला शास्त्रज्ञ आहे, आणि नोकरी सोडून पडक्या वाड्यात प्रयोगशाळा थाटणारा एक हट्टी माणूसही आहे. चला, क्रमाने जाऊ.

गिनीपिग, बर्फ आणि कोळसा

पॅरिस, १७८०चं दशक सुरू झालंय. आंत्वान लॅव्हॉझिए आणि गणितज्ञ लाप्लास यांनी एक भांडं बनवलं. आत एक कप्पा, आणि त्याच्या भोवती बर्फ. आतल्या कप्प्यात त्यांनी गिनीपिग ठेवला. प्राण्याच्या अंगच्या उष्णतेने बर्फ वितळणार, खाली पाणी गोळा होणार, ते मोजलं की किती उष्णता निघाली ते कळणार. किती साधं बघा! दहा तासांत सुमारे १३ औंस बर्फ वितळला.

मग दुसरा हिशोब. गिनीपिग तेवढ्या वेळात जितका कार्बन डायऑक्साइड सोडतो, तितकाच कोळसा जाळून तयार केला तर किती बर्फ वितळेल? उत्तर आलं साधारण साडेदहा औंस. अगदी तंतोतंत जुळलं नाही, पण जवळ होतं. १७८३मध्ये त्यांनी मांडलं की श्वसन म्हणजे एक प्रकारचं जळणंच आहे, फक्त सावकाश आणि ज्योतीशिवाय.

आता अडचण अशी, की हे जळणं होतं कुठे? लॅव्हॉझिएला वाटलं, फुफ्फुसात. पुढचं शोधायला तो फार दिवस राहिला नाही. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, ८ मे १७९४ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. जळणं फुफ्फुसात नाही, रक्तातही नाही, तर शरीरातल्या प्रत्येक पेशीत होतं, हे ठामपणे मांडलं जायला १८७०चं दशक उजाडावं लागलं. ते काम जर्मन शरीरशास्त्रज्ञ एडुआर्ड फ्ल्यूगर याचं.

पण पेशीत ना भट्टी आहे ना ज्योत. अंगाचं तापमान ३७ अंश. या तापमानाला साखर डब्यात वर्षभर ठेवा, काही होत नाही. मग पेशी ती जाळते तरी कशी?

तबेल्याच्या माळ्यावरचा डॉक्टर

इथे येतो चार्ल्स मॅकमन. आयरिश माणूस, इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन गावात डॉक्टरकी करायचा. दिवसभर पेशंट बघायचे आणि उरलेल्या वेळात तबेल्याच्या माळ्यावर थाटलेल्या छोट्याशा प्रयोगशाळेत प्रयोग करायचे. त्याच्याकडे स्पेक्ट्रोस्कोप होता, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणारं यंत्र. एखाद्या पदार्थातून प्रकाश पाठवला की तो पदार्थ ठरावीक रंग गिळतो, आणि तिथे काळे पट्टे दिसतात.

१८८४ ते १८८६च्या सुमारास मॅकमनने निरनिराळ्या प्राण्यांचे स्नायू आणि इतर अवयव या यंत्राखाली तपासले. सगळीकडे त्याला सारखेच पट्टे दिसले. रक्तातलं हिमोग्लोबिन नव्हे, काहीतरी वेगळंच रंगद्रव्य. त्याने अंदाज केला की पेशींच्या श्वसनाशी याचा संबंध असावा.

त्या काळी या विषयातलं सर्वांत मोठं नाव होतं जर्मनीचे फेलिक्स होप्पे-सायलर. त्यांनी सांगितलं, हे काही नवीन नाही, हिमोग्लोबिनचेच तुकडे आहेत. वाद थोडा चालला, आणि मग होप्पे-सायलर यांनी आपल्याच मासिकात यावर आणखी चर्चेची गरज नाही अशा अर्थाची टीप जोडून विषय बंद केला. एका बाजूला विद्यापीठातला नामवंत प्राध्यापक, दुसऱ्या बाजूला पेशंट बघून उरलेल्या वेळात काम करणारा डॉक्टर. कोणाचं ऐकलं गेलं असेल, सांगायला नको. मॅकमन १९११मध्ये वारला, तोवर त्याचं काम विस्मरणात गेलं होतं.

आणि गंमत म्हणजे बरोबर तोच होता.

केलिनची बाटली

१९२०चं दशक, केंब्रिज. डेव्हिड केलिन हा माणूस खरं तर परजीवी कीटकांचा अभ्यासक. घोड्याच्या पोटात वाढणाऱ्या एका माशीच्या अळीवर तो काम करत होता. त्यातून कीटकांच्या स्नायूंकडे वळला आणि त्यालाही स्पेक्ट्रोस्कोपमध्ये तेच पट्टे दिसले. मग त्याने साधं यीस्ट घेतलं, पाण्यात कालवलं. चार पट्टे स्वच्छ दिसले.

आता पुढचं ऐका. केलिनने ती बाटली हवेसकट जोरात हलवली. पट्टे गायब! बाटली ठेवून दिली, आणि थोड्याच वेळात पट्टे परत हजर. पुन्हा हलवली, पुन्हा गायब.

म्हणजे काय चाललं होतं? बाटली हलवली की यीस्टला ऑक्सिजन मिळतो. ऑक्सिजन त्या रंगद्रव्याकडून इलेक्ट्रॉन काढून घेतो, रंगद्रव्याचं रूप बदलतं, पट्टे जातात. यीस्टने ऑक्सिजन संपवला की अन्नाकडून आलेले इलेक्ट्रॉन पुन्हा रंगद्रव्यावर जमा होतात आणि पट्टे परत येतात. श्वसन डोळ्यांदेखत चालू-बंद होताना दिसत होतं.

१९२५मध्ये केलिनने या रंगद्रव्याला नाव दिलं सायटोक्रोम, आणि मॅकमनचं श्रेय मॅकमनला दिलं. पुढच्या वर्षांत त्याने आणि इतरांनी दाखवलं की ही एक साखळी आहे. एक सायटोक्रोम दुसऱ्याला इलेक्ट्रॉन देतो, दुसरा तिसऱ्याला, आणि सर्वांत शेवटी ऑक्सिजन ते घेतो व पाणी बनतं. आग लागली की साखळीतले लोक पाण्याची बादली हातोहात पुढे देतात ना, तसं. सगळी ऊर्जा एका भडक्यात बाहेर पडत नाही, टप्प्याटप्प्याने निघते. ३७ अंशांत साखर "जळते" ती अशी.

हद्दपार झालेला चक्रवाला

पण साखरेतले इलेक्ट्रॉन या साखळीपर्यंत पोचतात कसे? ते काम करणारं चक्र हान्स क्रेब्स याच्या नावाने आपण सगळ्यांनी पाठ केलंय. माणूस मात्र क्वचितच शिकवला जातो.

क्रेब्स जर्मनीतला ज्यू डॉक्टर. ऑटो वारबुर्ग या जबरदस्त शास्त्रज्ञाकडे तो काम शिकला. १९३२मध्ये, म्हणजे तिशीतच, शरीरात युरिया कसा बनतो याचं चक्र त्याने शोधलं होतं. पण १९३३मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि एप्रिलमध्ये फ्रायबुर्गच्या विद्यापीठाने क्रेब्सला कामावरून काढलं. कारण एकच, तो ज्यू होता. केंब्रिजच्या फ्रेडरिक हॉपकिन्स यांनी त्याला बोलावून घेतलं आणि काही महिन्यांतच तो इंग्लंडला पोचला. १९३५मध्ये तो शेफिल्डला गेला.

तिथे त्याने कबुतराच्या छातीचा स्नायू निवडला. उडायला वापरला जाणारा हा स्नायू ऑक्सिजन प्रचंड वेगाने वापरतो, म्हणून प्रयोगाला उत्तम. हंगेरीच्या अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी आधीच दाखवलं होतं की काही ठरावीक आम्लं या स्नायूत किंचित घातली तरी श्वसन खूप वाढतं. म्हणजे ती आम्लं खर्च होत नाहीत, फिरून फिरून तयार होतात. क्रेब्स आणि त्याचा विद्यार्थी विल्यम जॉन्सन यांनी सुटे धागे जोडले आणि १९३७मध्ये वर्तुळ पूर्ण केलं. सायट्रिक आम्लापासून सुरू, टप्प्याटप्प्याने कार्बन डायऑक्साइड बाहेर, इलेक्ट्रॉन साखळीकडे, आणि फिरून पुन्हा सायट्रिक आम्ल.

त्याने हा शोध "नेचर"ला पाठवला. १४ जून १९३७ तारखेचं उत्तर आलं: आमच्याकडे पुढचे सात-आठ आठवडे पुरतील इतकी पत्रं पडून आहेत. क्रेब्सने तो लेख हॉलंडमधल्या "एन्झायमोलोजिया" या मासिकात छापून आणला. १९५३मध्ये याच कामाला नोबेल मिळालं.

न सापडणारी चिठ्ठी

दरम्यान दुसऱ्या बाजूला एटीपी सापडलं होतं. आपल्या पुस्तकात ज्याला "ऊर्जेचं चलन" म्हणतात तेच. १९२९मध्ये जर्मनीत कार्ल लोमान यांना, आणि बोस्टनमध्ये सायरस फिस्के व येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना ते स्वतंत्रपणे मिळालं. हे सुब्बाराव आंध्रातल्या भीमवरमचे. हार्वर्डने त्यांना कायम नोकरी दिली नाही. त्यांच्यावर एक अख्खा भाग करायचाय, म्हणून आज इथेच थांबतो.

१९४८-४९मध्ये शिकागोत यूजीन केनेडी आणि अल्बर्ट लेहनिंजर यांनी दाखवलं की क्रेब्सचं चक्र आणि एटीपी बनवणं, दोन्ही मायटोकॉन्ड्रियात चालतं. म्हणजे पत्ता मिळाला. आता प्रश्न एकच उरला, पण तोच सर्वांत अवघड होता. साखळीतून इलेक्ट्रॉन वाहतात, एटीपी तयार होतं. या दोघांना जोडतं काय?

आमच्या भाषेत सांगायचं तर दोन सर्व्हिस चालू आहेत, पहिली बंद केली की दुसरी बंद पडते, म्हणजे त्या एकमेकींशी बोलतायत नक्की. पण मधला मेसेज लॉगमध्ये कुठेच दिसत नाही.

१९५३मध्ये एड स्लेटर यांनी सुचवलं की मध्ये ऊर्जेने भरलेला एखादा रासायनिक पदार्थ असणार. कल्पना अगदी वाजवी होती, कारण पेशीतल्या इतर अभिक्रिया तशाच चालतात. मग जगभरातल्या प्रयोगशाळा त्या पदार्थामागे लागल्या. अधूनमधून "सापडला!" अशी बातमी यायची, आणि नंतर तो नव्हेच असं निघायचं. अशी जवळपास वीस वर्षं गेली.

मिचेलचं धरण

१९६१मध्ये एडिनबरामधल्या पीटर मिचेल नावाच्या चाळिशीतल्या माणसाने "नेचर"मध्ये लेख लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: तो पदार्थ सापडत नाही, कारण तो नाहीच आहे.

मायटोकॉन्ड्रियाला दोन पटलं असतात. आतल्या पटलात ती इलेक्ट्रॉनची साखळी बसलेली आहे. मिचेल म्हणाला, इलेक्ट्रॉन वाहताना त्या ऊर्जेवर प्रोटॉन पटलाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ढकलले जातात. पटलातून प्रोटॉन सहज झिरपत नाहीत, त्यामुळे एका बाजूला त्यांचा साठा होतो. तिथून ते परत येतात एकाच वाटेने, एटीपी बनवणाऱ्या एन्झाइममधून, आणि येताना एटीपी बनवून जातात.

कोयनेचं धरण डोळ्यांसमोर आणा. उंचावर पाणी अडवलंय, ते बोगद्यातून खाली येताना टर्बाइन फिरवतं आणि वीज तयार होते. पाणी आणि वीज यांच्यामध्ये कुठलाही "मधला पदार्थ" नसतो. असतो तो फक्त पातळीतला फरक. मिचेलच्या मते मायटोकॉन्ड्रियातही तेच.

रसायनशास्त्रज्ञांना हे पटेना. एक तर मिचेलची भाषा क्लिष्ट, शब्द स्वतःच घडवलेले. दुसरं म्हणजे १९६१च्या लेखात पुरावा जवळपास नव्हता, नुसती कल्पना होती. त्यात पोटाच्या अल्सरने तो इतका बेजार झाला की एडिनबरा सोडावं लागलं.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. मिचेलच्या घरी पैसा होता. त्याचे काका मोठ्या बांधकाम कंपनीचे मालक. त्याने कॉर्नवॉलमध्ये बॉडमिनजवळ ग्लिन हाउस नावाचा मोडकळीला आलेला वाडा घेतला, दोन वर्षं स्वतः उभं राहून दुरुस्त करून घेतला, थोड्या दुभत्या गायी पाळल्या, आणि केंब्रिजपासूनची सहकारी जेनिफर मॉयल हिच्याबरोबर तिथेच खासगी प्रयोगशाळा सुरू केली. बाहेरच्यांनी छापायची वाट न बघता १९६६ आणि १९६८मध्ये सिद्धान्ताची पुस्तकं स्वतःच छापून वाटली. करड्या वेष्टनाची ती पुस्तकं या क्षेत्रात प्रसिद्ध आहेत.

प्रयोगांची बाजू मॉयलने सांभाळली. ऑक्सिजन नसलेल्या द्रावात मायटोकॉन्ड्रिया ठेवायचे, मग अगदी मोजून थोडासा ऑक्सिजन सोडायचा आणि बाहेरच्या द्रावाचा पीएच बघायचा. ऑक्सिजन मिळताच द्राव क्षणभर आम्लधर्मी होई, म्हणजे प्रोटॉन खरंच बाहेर फेकले जात होते.

मग इतरांकडूनही पुरावे आले. १९६६मध्ये अमेरिकेत आंद्रे जेगेनडॉर्फ आणि अर्नेस्ट उरिबे यांनी पालकाच्या पानातली हरितलवकं अंधारात आधी आम्लात बुडवली, मग एकदम अल्कधर्मी द्रावात टाकली. प्रकाश नाही, इलेक्ट्रॉनचा प्रवाह नाही, फक्त प्रोटॉनच्या पातळीतला फरक. तरीही एटीपी तयार झालं!

आणि १९७४चा प्रयोग तर भन्नाटच. एफ्रेम रॅकर आणि वॉल्टर स्टोकेनियस यांनी सोयाबीनच्या स्निग्ध पदार्थांपासून सूक्ष्म फुगे बनवले. त्यांत अतिखारट पाण्यात वाढणाऱ्या जांभळ्या सूक्ष्मजीवाचं, प्रकाशावर प्रोटॉन ढकलणारं प्रथिन बसवलं, आणि गायीच्या हृदयातलं एटीपी बनवणारं एन्झाइम. सोयाबीन, सूक्ष्मजीव आणि गाय! यांच्यात तो गूढ "मधला पदार्थ" सामायिक असण्याची शक्यता फारच कमी. प्रकाश टाकला आणि एटीपी बनलं.

१९७८मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या मिचेलला मिळालं. त्याने नोबेल व्याख्यानाच्या शीर्षकातच डेव्हिड केलिनचं नाव घेतलं. मॉयलला मात्र नोबेल नाही.

तो सगळाच बरोबर नव्हता

ही गोष्ट इंटरनेटवर बहुतेक वेळा "जग हसलं, पण तो खरा ठरला" अशी सांगतात. मला ती तशी सांगायची नाही. पुरावा मागणारे लोक मूर्ख नव्हते, त्यांनी मागितला म्हणूनच ते प्रयोग झाले. शिवाय मिचेल तपशिलात अनेक ठिकाणी चुकला. साखळीतलं शेवटचं एन्झाइम स्वतः प्रोटॉन ढकलतं, हे फिनलंडच्या मार्टेन विकस्ट्रॉम यांनी १९७७मध्ये दाखवलं, तेव्हा विरोध करणारा मिचेलच होता, आणि तो विरोध कित्येक वर्षं चालला. एटीपी बनवणारं एन्झाइम नेमकं कसं चालतं हेही त्याने वेगळंच कल्पिलं होतं. ते गरगर फिरतं ही कल्पना पॉल बॉयर यांची. जॉन वॉकर यांच्या गटाने १९९४मध्ये त्याची रचना दाखवली, आणि १९९७मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी ते फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिलं. खरोखरचं टर्बाइन!

यातून एक जुना घोळही मिटतो. बऱ्याच पाठ्यपुस्तकांत एका ग्लुकोजपासून ३६ किंवा ३८ एटीपी असं लिहिलेलं असतं. तो हिशोब पूर्णांकांचा आहे. पण मध्ये धरण असेल तर पूर्णांकाची सक्तीच राहत नाही, कारण साठ्यातले काही प्रोटॉन दुसऱ्या कामांनाही लागतात. आजचा अंदाज ३० ते ३२ एवढाच आहे.

धरणाला भोक पडलं तर

आता तुमच्या-माझ्या कामाची गोष्ट. १९३३मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी डायनायट्रोफेनॉल, म्हणजे डीएनपी, हे वजन कमी करायचं औषध म्हणून मांडलं. वजन खरंच उतरायचं. एका अंदाजानुसार लाखभर लोकांनी ते घेतलं. मग मोतीबिंदू होऊ लागले, ताप चढत जाऊन माणसं मेली. १९३८मध्ये तिथे ते बंद झालं.

ते काय करतं हे मिचेलच्या सिद्धान्ताने स्वच्छ कळलं. डीएनपी प्रोटॉनना पटलातून परस्पर पलीकडे नेतं. म्हणजे धरणाच्या भिंतीला भोक. पाणी टर्बाइन चुकवून वाहून जातं. पेशी एटीपीसाठी आणखी अन्न जाळत राहते, आणि ऊर्जा नुसती उष्णता होऊन बाहेर पडते. बाहेरून ताप आला तर शरीर थर्मोस्टॅट खाली आणू शकतं, इथे मात्र प्रत्येक पेशीच भट्टी झालेली असते. याला उतारा देणारं औषध नाही.

हे सांगायचं कारण, हीच पावडर आजही ऑनलाइन "फॅट बर्नर" म्हणून विकली जाते आणि त्याने तरुण पोरं मेली आहेत. जिममध्ये कोणी "भाऊ, हे घे, महिन्यात कट्स दिसतील" म्हणून पिवळी कॅप्सूल पुढे केली, तर आत काय आहे ते विचारा. डीएनपी असेल तर तिथून उठा.

जाता जाता एवढंच. मॅकमन बरोबर होता, पण त्याच्यामागे ना संस्था होती ना पैसा. क्रेब्सकडे काहीच उरलं नव्हतं, पण हॉपकिन्ससारखा माणूस मदतीला आला. मिचेलकडे वाडा होता. बरोबर असणं एक गोष्ट, आणि ते सिद्ध होईपर्यंत टिकून राहणं दुसरी. मॅकमनसारखे किती जण माळ्यावरच राहून गेले असतील, याची नोंद कुठल्याच मासिकात नाही.

भाग आवडला तर मित्रांना पाठवा, खास करून जिमच्या ग्रुपवर. पुढच्या वेळी येल्लाप्रगडा सुब्बाराव. तोवर, मोठा श्वास घ्या. त्याचं शेवटी पाणीच होणार आहे!